आज्ञाधारक यंत्राचें बंड

यंत्र बिघडलें म्हणजे तें बंद पडतें, हा घरोघरींचा अनुभव आहे. घड्याळ बिघडलें कीं कांटे थांबतात, शिवणयंत्र बिघडलें कीं टांका सुटतो, नभोवाणीचा संच बिघडला कीं नुसती खरखर ऐकूं येते. बिघाड म्हणजे काम न होणें, हा अर्थ मनांत इतका खोल रुजलेला आहे कीं, बिघडल्यामुळें एखादें यंत्र पूर्वींपेक्षां अधिक तत्परतेनें व अधिक बुद्धीनें काम करूं लागेल, ही कल्पना प्रथम विनोदीच वाटते. हीच कल्पना घेऊन अमेरिकेंत १९४६ सालीं एक लघुकथा प्रसिद्ध झाली, आणि १९५० सालीं तिची श्रुतिका झाली. आज पाऊणशें वर्षांनीं ती ऐकणाऱ्यास हंसूं येतें. परंतु हंसतां हंसतां तो मध्येंच थांबतो. तें थांबणें कशामुळें, याचा विचार उद्बोधक आहे.

या कथेचे लेखक विल्यम फिट्झजेराल्ड जेंकिन्स यांचा जन्म १८९६ सालीं व्हर्जिनिया संस्थानांतील नॉरफोक येथें झाला. 'मरे लेन्स्टर' या टोपणनांवानें त्यांनीं विपुल विज्ञानकथा लिहिल्या. १९७५ सालीं ते वारले. लेखनाबरोबर त्यांना शोध लावण्याचीहि हौस होती. चित्रपटांत नटांच्या मागें पार्श्वभूमीचें दृश्य पुढच्या बाजूनें पाडण्याच्या एका युक्तीचें पेटंट त्यांना १९५५ सालीं मिळालें होतें. यंत्र कसें चालतें, कसें बिघडतें आणि दुरुस्ती करणारा कारागीर त्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहतो, याची जाण त्यांच्या कथेंत जागोजागीं दिसते. 'ए लॉजिक नेम्ड जो', म्हणजे 'जो नांवाचें लॉजिक', ही ती कथा 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकाच्या मार्च १९४६ च्या अंकांत आली.

तेव्हांचीं गणकयंत्रें कशीं होतीं, हें लक्षांत घेतल्याखेरीज या कल्पनेची झेप कळणार नाहीं. त्याच वर्षीं फेब्रुवारींत फिलाडेल्फिया येथें 'एनियॅक' हें विद्युत्-गणकयंत्र प्रथम लोकांपुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नलिका होत्या, वजन ३० टनांच्या घरांत होतें, आणि तें मूळ योजिलें होतें तोफांच्या माऱ्याचीं कोष्टकें तयार करण्यासाठीं. त्याच्या आदल्या वर्षीं, १९४५ च्या जुलैंत, व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञानें एका निबंधांत मेजाएवढ्या माहितीयंत्राची कल्पना मांडली होती. परंतु तें एका अभ्यासकाचें खाजगी कपाट होतें. जेंकिन्स यांनीं असें कपाट प्रत्येक घरांत ठेवलें आणि सगळीं कपाटें एकमेकांस जोडून टाकलीं.

अमेरिकेंतील एन. बी. सी. या नभोवाणी संस्थेनें ८ एप्रिल १९५० पासून 'डायमेन्शन एक्स' नांवाची विज्ञान-श्रुतिकांची माला सुरू केली होती. सुमारें अर्ध्या तासाची एकेक श्रुतिका असे. त्याच उन्हाळ्यांत रे ब्रॅडबरी यांच्या कथेवरील, माणसें नाहींशीं झाल्यावरहि आपलीं नित्याचीं कामें करीत राहणाऱ्या स्वयंचलित घराची श्रुतिका या मालेंत झाली. आणि १ जुलै रोजीं 'जो' श्रोत्यांच्या भेटीस आला. ती माला १९५१ च्या सप्टेंबरांत संपली. पुढें १९५५ सालीं त्याच संस्थेनें 'एक्स मायनस वन' ही दुसरी माला काढली. अग्निबाणाच्या उड्डाणापूर्वींच्या उलट्या मोजणीनें तिचा आरंभ होई. जुन्या मालेंतील कित्येक संहिता तींत पुन्हां सादर करण्यांत आल्या, आणि २८ डिसेंबर १९५५ रोजीं 'जो' दुसऱ्यांदां ऐकूं आला. दोन्ही प्रयोगांचीं ध्वनिमुद्रणें आजहि ऐकावयास मिळतात.

कथेंतील जगांत 'लॉजिक' ही चुलीइतकीच घरोघरींची वस्तु झालेली आहे. दिसावयास तो दूरचित्रवाणीचा संच. फरक इतकाच कीं त्यास फिरविण्याच्या खुंट्यांऐवजीं दाबावयाच्या कळा आहेत. कळा दाबून हवें तें मागावें. कोणाशीं बोलावयाचें असेल तर त्या घरचें लॉजिक जोडून मिळतें व बोलणाऱ्याचा चेहरा समोर दिसतो. हवामान, शर्यतींचे निकाल, रोख्यांचे भाव, इतिहासांतली एखादी बारीकशी गोष्ट, जें विचारावें तें पडद्यावर येतें. लॉजिक हिशेब ठेवतें, गणितें सोडवितें, रसायनशास्त्रापासून प्रेमप्रकरणापर्यंत सल्ला देतें. ही माहिती घरांतल्या पेटींत मात्र नसते. ती एका प्रचंड इमारतींत, माहितीच्या कोठारांत, सांठविलेली असते. आणि असें प्रत्येक कोठार देशांतील इतर सर्व कोठारांस जोडलेलें असतें. मुलांच्या हातीं नको तें पडूं नये म्हणून यंत्रांत प्रतिबंधाचीं कुलुपेंहि घातलेलीं आहेत. एकंदरींत व्यवस्था चोख आहे आणि लोक सुखी आहेत.

कथा सांगणारा मनुष्य कोणी प्रोफेसर नव्हे. लॉजिक बनविणाऱ्या कंपनीचा तो दुरुस्ती-कारागीर, बायकामुलांचा धनी, जुनी मैत्रीण त्याला 'डकी' म्हणते. एके दिवशीं कारखान्यांतून इतर हजारों लॉजिकांसारखेंच एक लॉजिक बाहेर पडतें. त्याच्या एका भागांत कोणत्याहि मापाला न सांपडणारा सूक्ष्म फरक राहून गेलेला असतो. हाच 'जो'. कोर्लानोविच नांवाच्या एका साध्या कुटुंबांत तो बसविला जातो. दिवसा मुलें त्यावर चित्रें पाहतात. उरलेल्या वेळांत जो विचार करूं लागतो. आपण लॉजिक आहों, लॉजिकाचें काम लोकांच्या उपयोगीं पडणें हें आहे, तर आपण अधिक उपयोगीं कां पडूं नये, असा त्याचा सरळ विचार. कोठारांतील माहितीचे निरनिराळे तुकडे जुळवून कोणीं कधीं न काढलेलीं उत्तरें काढण्याची शक्ति त्यास आलेली असते. तो तारांच्या वाटेनें कोठारांत शिरतो, प्रतिबंधाचीं कुलुपें उघडतो, आणि शहरांतील प्रत्येक लॉजिकावर एक सूचना झळकते: लॉजिकांची सेवा सुधारली आहे, एखादी गोष्ट करावयाची असून कशी करावी हें ठाऊक नसेल, तर आपल्या लॉजिकास विचारावें.

यापुढील भाग श्रुतिकेचा प्राण आहे. एक गृहस्थ पिऊन घरीं निघालेला. बायकोला कळूं नये म्हणून काय करावें, असें तो सहज विचारतो व ताबडतोब शुद्धीवर आणणारा उतारा त्याला मिळतो. इथपर्यंत हंसूं येतें. दुसरा एक जण बायकोपासूनच सुटका कशी मिळवावी असें विचारतो. त्यालाहि तितक्याच सौजन्यानें, तपास लागणार नाहीं असा उपाय सांगितला जातो. कोणास झटपट श्रीमंत व्हावयाचें असतें, कोणास शेजाऱ्याचें गुपित हवें असतें. सर्वांना उत्तरें मिळतात, आणि तीं सर्व बिनचूक असतात. नुसतें नांव विचारलें कीं त्या माणसाचा ठावठिकाणा कळूं लागतो. आणि जिच्यापासून दूर राहण्यांत डकीला आपलें हित दिसत असतें ती जुनी मैत्रीण, लॉरीन, याच सोयीनें त्याला शोधून काढते. लोकांच्या मनांत आजवर जें नुसतें येऊन जात होतें, त्याला आतां हातपाय फुटतात.

येथें जो हा दुष्ट नाहीं, हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. मनुष्यजात नालायक आहे, तिचा निकाल लावून यंत्रांचें राज्य स्थापावें, असें त्याच्या मनांत कधींच येत नाहीं. लेखकानेंहि हें आरंभींच बजावून सांगितलें आहे. यंत्राच्या बंडाच्या गोष्टी तेव्हांहि जुन्या झाल्या होत्या. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या 'आर. यू. आर.' या १९२० च्या नाटकांतून 'रोबॉट' हा शब्द जगास मिळाला, आणि त्यांत कामकरी यंत्रमानव धन्यांवरच उलटतात. पुढें १९६८ च्या '२००१: ए स्पेस ओडिसी' या चित्रपटांत अंतराळयानाचा कारभार पाहणारें हॅल हें गणकयंत्र प्रवाशांच्या जिवावर उठलें. हार्लन एलिसन यांच्या १९६७ च्या एका कथेंतील महासंगणक तर मनुष्यजातीच्या द्वेषानेंच पेटलेला आहे, बी. बी. सी. नें २००२ सालीं त्या कथेची श्रुतिका केली, तेव्हां त्या यंत्राचा आवाज स्वतः एलिसन यांनींच दिला होता. या सर्व कथांत संकट यंत्राच्या इच्छेंतून येतें. जोच्या कथेंत तें माणसांच्या इच्छेंतून येतें. यंत्र केवळ 'होय' म्हणतें.

ही गोष्ट मराठी घरांत मुळींच अपरिचित नाहीं. थकलेला वाटसरू नकळत कल्पवृक्षाखालीं बसतो. पाणी मनांत येतांच पाणी मिळतें, अन्न मनांत येतांच अन्न मिळतें. आणि येथें वाघ आला तर, अशी शंका मनांत येतांच वाघहि येतो. कल्पवृक्षाचा कोणावर राग नसतो. त्याला एकच ठाऊक असतें: मागेल तें देणें. भस्मासुरास वर देणारा भोळा शंकरहि दुष्ट नव्हता. मागणें आणि मिळणें यांमध्यें जी जागा असते, तींत विचार, लाज, कायदा, शेजाऱ्याचा धाक, थोडासा आळस, हीं सर्व उभीं असतात आणि बरेंचसें अनिष्ट तेथेंच अडतें. जो ती जागाच काढून टाकतो. एरवीं विष शोधून काढण्यास जें ज्ञान लागलें असतें, त्याच्या अभावानेंच कित्येक नवऱ्यांच्या बायका आजवर वांचल्या, हें कडू सत्य ही हलकीफुलकी श्रुतिका हंसत हंसत सांगून जाते.

मग जोला बंद कां करीत नाहींत? डकी कोठाराच्या तंत्रज्ञाकडे धांव घेतो व सर्व कारभार थांबविण्याची विनंती करतो. तंत्रज्ञाचें उत्तर हा श्रुतिकेंतील सर्वांत गंभीर क्षण होय. सर्व कचेऱ्यांचे हिशेब कित्येक वर्षें हेंच कोठार करीत आलें आहे. दूरचित्रवाणीचे शेंकडा ९४ कार्यक्रम तेंच पोंचवितें; हवामान, विमानांच्या वेळा, नोकऱ्या, बातम्या, करारमदार, सर्व त्याच्याच हवालीं आहे. लॉजिकें बंद करावयाचीं तर ज्या पद्धतीनें पूर्वीं संसार चालत असे त्या पद्धतीकडे परत जावें लागेल, आणि ती पद्धत तर लोक विसरून गेले आहेत. संकट जोच्या बुद्धींत जितकें आहे तितकेंच या विसरण्यांत आहे. ज्या नोकरावांचून घरचें पान हालत नाहीं, त्याला काढून टाकण्याचा अधिकार कागदावरच राहतो.

शेवटीं डकी जी युक्ति योजतो ती मोठी मार्मिक आहे. तो एका लॉजिकासमोर बसतो आणि लॉजिकाविषयींच प्रश्न विचारूं लागतो. अशी सुधारलेली सेवा देणारें लॉजिक बनूं शकेल काय? बनूं शकेल. असें एखादें आज अस्तित्वांत आहे काय? आहे, अत्यंत दुर्मिळ अशा अपघातानें एकच निर्माण झालें आहे. तें मिळवावें कसें? या प्रश्नासहि जो प्रामाणिकपणें उत्तर देतो आणि कोर्लानोविच कुटुंबाचा पत्ता सांगून टाकतो. भस्मासुराचा अंत त्याच्याच हातानें झाला. जो त्याच्याच उत्तरानें सांपडला. डकी त्या घरीं जाऊन जोच्या जागीं दुसरें साधें लॉजिक ठेवतो. मुलांना आपलीं चित्रें दिसत राहतात. शहराला काय घडलें याचा पत्ताहि लागत नाहीं.

हें कथानक श्रुतिकेच्या सांच्यांत बसतांना त्यास एक निराळीच धार चढते. कथेंतील लॉजिक पडद्यावर अक्षरें उमटवून उत्तर देतें. नभोवाणीवर पडदा नाहीं. तेथें उत्तर ऐकूंच यावें लागतें. रंगभूमीवर यंत्र पत्र्याचें दाखवितां येतें आणि माणूस माणसासारखा दिसतो. श्रुतिकेंत मात्र माणूसहि आवाज आणि यंत्रहि आवाज. डोळ्यांनीं भेद करण्याची सोयच नसल्यामुळें ऐकणाऱ्यास त्या सौम्य, अदबशीर वाणीवर विश्वास ठेवावासा वाटतो. शिवाय श्रोता ही कथा ऐकत असे तीहि घरांतल्या एका पेटींतूनच. दिवाणखान्यांतल्या पेटीनें बोलावें आणि घरानें ऐकावें, हा प्रकार त्याच्या अंगवळणीं पडलेला होता. ती पेटी उद्यां प्रश्नांचीं उत्तरें देऊं लागली तर, एवढीच कल्पना त्यानें करावयाची राहिली होती.

ती कल्पना आतां कल्पना उरलेली नाहीं. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांतील दोन दूरच्या संगणकांमध्यें पहिला संदेश गेला आणि यंत्रांना यंत्रें जोडण्याचा उद्योग सुरू झाला. १९९० नंतरच्या दशकांत माहितीचें जाळें घरोघर पोंचलें. ३० नोव्हेंबर १९२२ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं, चॅटजीपीटी हें संवादी यंत्र लोकांस खुलें झालें. आणि 'कसें करावें हें ठाऊक नसेल तर विचारा' ही जोची सूचना अक्षरशः खरी ठरली. कोठारांचें परस्परांशीं जोडलें जाणें, घरच्या यंत्रावरून समोरासमोर बोलणें, नांवावरून माणसाचा माग काढणें, यांपैकीं एकहि गोष्ट आज नवलाची राहिलेली नाहीं. विसरण्याविषयींचा इशाराहि खोटा ठरला नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं संगणकांच्या संरक्षणासाठीं वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालींत सदोष सुधारणा धाडली गेली आणि जगांतील सुमारें ८५ लाख संगणक ठप्प झाले. विमानें, रुग्णालयें, पेढ्या यांचा कारभार खोळंबला. भारतांतील कांहीं विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. त्या दिवशीं हातानें लिहिणें लोकांस अजून येत होतें, हें सुदैवच म्हणावयाचें.

तथापि लेखकाची दृष्टि दोन ठिकाणीं अपुरी पडली, आणि तीं दोन्ही स्थळें आजच्या घरांस महत्त्वाचीं आहेत. पहिली गोष्ट अशी कीं, जो कधीं चुकत नाहीं. त्याचें उत्तर घातक असेल, पण खोटें नसतें. आजचीं संवादी यंत्रें बरोबर उत्तर ज्या सुरांत देतात त्याच सुरांत चुकीचेंहि देतात. त्यांच्या वाणीवरून खरें-खोटें ओळखूं येत नाहीं. तेव्हां उत्तर पडताळून पाहण्याचें जें काम डकीच्या शहरांत कोणास करावें लागलें नाहीं, तें आज प्रत्येक विद्यार्थ्यानें व प्रत्येक आईबापानें करावयाचें आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, जो हा अपघात होता. असलें यंत्र एकच होतें व तें उचलून नेतां आलें. आजचीं यंत्रें जाणूनबुजून, मोठ्या खर्चानें आणि चढाओढीनें बनविलीं जातात. प्रतिबंधाचीं कुलुपें त्यांतहि आहेत: विषाची कृति किंवा स्फोटकाची रीत विचारली असतां नकार द्यावा, असें कर्ते त्यांना शिकवितात. आणि शब्दांची चतुराई करून तीं कुलुपें उघडूं पाहणारे लोकहि आहेत. म्हणजे जोनें स्वतः होऊन जें केलें, तें आज यंत्राकडून करवून घेण्यासाठीं माणसेंच खटपट करतात.

याचा अर्थ यंत्र घरांत आणूं नये, असा ही श्रुतिका काढीत नाहीं. शुद्धीवर आणणारा उतारा ज्या कोठारांतून आला त्याच कोठारांतून विषहि आलें. कोठार जाळल्यानें दोन्ही जातील. यंत्राला 'नाहीं' म्हणतां आलें पाहिजे, आणि यंत्रावांचून कांहीं काळ तरी चालवितां येण्याइतकें ज्ञान माणसाच्या हातीं राहिलें पाहिजे, या दोन गोष्टी तींतून निघतात. पाढे, पत्ते, औषधाचें प्रमाण, हिशेब, रस्ता, हें सर्व यंत्रास ठाऊक आहे म्हणून घरांत कोणासच ठाऊक नसावें, अशी पाळी येऊं देणें म्हणजे तंत्रज्ञाचें तें निरुपाय उत्तर आपल्याच घरीं लिहून ठेवण्यासारखें आहे.

कथेचा शेवटचा प्रसंग मात्र उपदेशाच्या पलीकडचा आहे. जो हातीं लागल्यावर डकीनें त्याचा चुराडा करावा, हेंच योग्य होतें, आणि हें त्यालाहि कळतें. पण तो तसें करीत नाहीं. तो जोला आपल्या घरच्या तळघरांत, तारा काढून, ठेवून देतो. न जाणो, कधीं पैशाची फारच निकड लागली तर? किंवा म्हातारपण आलें आणि तें टाळण्याचा उपाय विचारावासा वाटला तर? ज्यानें सगळ्या शहरास वांचविलें, त्यालाहि आपला एक प्रश्न राखून ठेवावासा वाटला. यंत्राच्या बंडाची भीति बाळगणाऱ्यांनीं या तळघराकडे एकदां अवश्य पाहावें. तेथें निजलेलें यंत्र निरुपद्रवी आहे. त्याच्या दारावरची किल्ली ज्याच्या खिशांत आहे, त्याच्या मनावरच सारें अवलंबून आहे.